शांत बसता येत नाही म्हणून साखर वाढते का?

पत्राचा सारांश: तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४९, मधुमेह सहा वर्षांपासून. घरची द्राक्षबाग, हंगामात बेदाण्याचं काम, घरात पती, मुलगा आणि सासूबाई. गोळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली. मागच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ८.२ आली आणि डॉक्टरांनी आणखी एक गोळी सुचवली. सांगलीच्या नणंदेनं त्याऐवजी मोबाइलवरचा पहाटे पाचचा प्राणायामाचा वर्ग लावून दिला. रोज एक तास, त्यात पंधरा मिनिटं कपालभाती. "मन शांत झालं की गोळ्या आपोआप सुटतील," असं तिथले गुरुजी सांगतात. दोन महिने झाले, तरी उपाशीपोटीची साखर १६५ ते १७० च आहे. वर्गात बसल्यावर बागेचे, कर्जाचे, पावसाचे विचार थांबत नाहीत. आठला चहाबरोबर गोळी घेऊन कामाला लागतात आणि जेवायला अकरा वाजतात. दोनदा अकराच्या सुमारास हात थरथरले, घाम फुटला, धडधडलं. गुरुजी म्हणाले, शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत. दुपारी शवासनात पडलं तर सासूबाई म्हणतात, "भर दिवसाची पसरलीय." ताई विचारतात: माझंच मन शांत होत नाही म्हणून शुगर वाढते का? गोळी वाढवू की वर्ग वाढवू?

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण त्याआधी अकरा वाजताच्या थरथरीचं बोलू. तुम्ही ती ओझरती लिहिली आहे आणि पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

तुमच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. पोटात भाकरी गेली आहे की नुसता चहा, हे ते बघत नाही. आठला गोळी आणि अकराला जेवण म्हणजे मधले तीन तास ते इन्शुलिन रिकाम्या पोटी काम करतं, त्यात तुमचे हातपाय राबत असतात. साखर खाली जाणारच. ती फार खाली गेली की शरीर सावध होऊन ॲड्रिनलिन सोडतं आणि मग थरथर, घाम, धडधड सुरू होते. भीती वाटते तेव्हाही शरीर हेच करतं, म्हणून टेन्शन आलंय की साखर उतरलीय हे आतून ओळखता येत नाही. विषारी द्रव्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

तेव्हा पुन्हा असं झालं तर डोळे मिटून श्वास मोजत बसू नका. पहिलं काम बोट टोचायचं. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन ते चार चहाचे चमचे साखर अर्ध्या भांड्याहून थोड्या जास्त पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की लगेच भाकरी किंवा पोळी खा, कारण ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर परत उतरू शकते. पेढा, लाडू, चॉकलेट यावेळी कामाचं नाही, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मीटर हाताशी नसेल तर उतरलीच आहे असं धरून साखरपाणी घ्या. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज हेही नाव आहे का ते एकदा बघून ठेवा. ते असेल तर साध्या साखरेचा उपयोग फार हळू होतो, घरात ग्लुकोज पावडर हवी. बागेत जाताना ओच्याला पुडी बांधून न्या आणि मुलाला हे सगळं दाखवून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा, हेही त्याला सांगा.

गोळी मनानं बंद करू नका. ती पहिल्या पोटभर खाण्याला बांधा, म्हणजे ताट पुढ्यात आलं की गोळी. आणि याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करून गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि थरथरीची वेळ अशा तिन्ही वेळा सांगा. त्यांनी नवी गोळी सुचवली ती ८.२ हा आकडा बघून. साखर मधेच उतरते हे त्यांना ठाऊक नसावं. ते कळलं तर कोणती गोळी द्यायची, आहे तिची मात्रा ठेवायची की कमी करायची, हा सगळा हिशेब बदलतो. थरथर झाल्यावर माणूस हाताला येईल ते खातो आणि दुपारी साखर दोनशेच्या पुढे जाते, हेही त्या ८.२ मध्ये मिसळलेलं असू शकतं.

आता तुमचा प्रश्न. मनाचा आणि साखरेचा संबंध आहे. काळजीत, भांडणात, धास्तीत शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन सोडतं. त्यांच्या सांगण्यावरून यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. संकटातून पळायला किंवा लढायला बळ मिळावं म्हणून ही सोय आहे. फुलोऱ्यातल्या बागेवर आभाळ भरून आलं की पळायचं कुठे आणि लढायचं कुणाशी? साखर रक्तातच राहते.

पण तुम्ही यातून जो अर्थ काढला आहे तो मला मान्य नाही. उपाशीपोटी १६५ आली म्हणजे काल मन शांत ठेवायला मी कमी पडले, असं तुम्ही धरून चालला आहात. पहाटे साधारण तीन ते आठच्या दरम्यान कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक प्रत्येकाच्याच शरीरात चढतं, कारण शरीराला जागं व्हायचं असतं. त्या वेळी यकृत साखर सोडतं. मधुमेह नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड तेवढं जास्त इन्शुलिन सोडून ती भागवतं, तुमचं भागवू शकत नाही. रात्री नऊनंतर तोंडात घास गेला नसला तरी सकाळी आकडा चढा येतो तो यामुळे. याला तुमचा स्वभाव जबाबदार नाही आणि वर्गात मनात आलेलं सोसायटीचं कर्जही नाही.

झोपेचा मात्र नक्की संबंध आहे. तुम्ही लिहिता की आवरून पडायला साडेअकरा होतात, रात्रीच्या लाइटचा आठवडा असला की मालक मोटर चालू करायला दोनला उठतात आणि तुमचीही झोप मोडते, वर साडेचारला वर्गासाठी गजर. म्हणजे सलग झोप पाच तासही नाही. कमी झोपेनं शरीर इन्शुलिनला आणखी कमी दाद देतं, दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडाची ओढ लागते. मन शांत करायचा तास तुम्ही झोपेतून कापून आणला आहे. माझं स्पष्ट मत आहे की तो गजर आधी बंद करा. साडेपाच-सहापर्यंत झोपा. विश्रांतीचा सराव दिवसात बसवू, त्याला एक तास लागत नाही.

तो किती काम करेल हेही आधीच सांगते, म्हणजे अपेक्षा जागेवर राहील. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेहाच्या लोकांचे दोन गट केले. दोघांनाही मधुमेहाची माहिती पाच बैठकांत दिली, एका गटाला त्याबरोबर स्नायू सैल करणं आणि ताण हाताळणं शिकवलं. वर्षाअखेर त्या गटाचं एचबीए१सी सुमारे अर्ध्या टक्क्यानं कमी होतं. त्यातली एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते: ज्यांना मुळात जास्त चिंता वाटायची त्यांनाच जास्त फायदा झाला, असं दिसलं नाही. म्हणजे हे काही फक्त घाबरट माणसांचं औषध नाही. अर्धा टक्का ही चांगली कमाई आहे, पण तुमच्या ८.२ मधून तो वजा केला तर ७.७ उरतात. मीटरच्या आकड्यांत बोलायचं तर सरासरी साखर १८९ वरून १७४ वर येईल. बहुतेकांना ७ च्या आत, म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, राहायला सांगतात. उरलेलं अंतर चालणं, ताट आणि गोळी यांनीच कापायचं आहे. "गोळी वाढवू की वर्ग वाढवू" यातला "की" काढून टाका.

सराव दोनच करा, पण रोज.

पहिला श्वासाचा, संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी पाच मिनिटं. भिंतीला पाठ टेकून किंवा खुर्चीत बसा. एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकानं श्वास घेताना खालचा हात पुढे यावा, वरचा जवळपास स्थिर राहावा. मनात चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. श्वास कोंडून धरायचा नाही. चार-सहा जमत नसेल तर पहिले दोन आठवडे तीन-चार करा, बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब असला म्हणजे झालं. इथे बहुतेकांचं चुकतं ते एवढंच की "दीर्घ श्वास" म्हटलं की छाती फुगवून भसाभसा हवा ओढतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं, बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. तसं झालं तर थांबा, साधा श्वास घ्या. श्वास सावकाश हवा, मोठा नव्हे.

आकडे मोजायचा कंटाळा येत असेल तर सासूबाईंच्या शेजारी जपाला बसा. हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नाही. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटालियन संशोधकांनी दाखवलं की ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र, दोन्ही ठेक्यात म्हटलं की श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. तो अभ्यास निरोगी माणसांच्या श्वासाचा आणि हृदयाच्या लयीचा होता, साखरेचा नव्हता. पण तुम्हाला हवा तो श्वास माळेनंही मिळतो. अट एवढीच की नाम भरभर उरकायचं नाही, एका उच्छ्वासात सावकाश म्हणायचं.

दुसरा सराव स्नायू सैल सोडण्याचा, रात्री अंथरुणावर, पंधरा मिनिटं. ही पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरनं बसवली, त्याचं पुस्तक १९२९ मध्ये आलं. तुम्हाला शवासन जमत नाही म्हणता ना, तर हे जमेल. नुसतं "सैल सोडा" म्हटलं की काय सोडायचं हेच कळत नाही. इथे आधी आवळायचं असतं, त्यामुळे सोडल्याचा फरक हाताला लागतो. उताणं पडा, गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली गोधडी, म्हणजे कंबर दुखणार नाही. उजव्या हाताची मूठ निम्म्या ताकदीनं पाच ते सात सेकंद आवळा आणि झटक्यात सोडून द्या. मग वीस-तीस सेकंद काहीच करू नका, हात कसा जड, उबदार लागतो एवढंच बघा. तसंच डाव्या हाताचं. मग दोन्ही खांदे कानांकडे उचलून सोडा. कपाळाला आठ्या घालून सोडा, डोळे घट्ट मिटून सोडा, दात हलके आवळून सोडा. जबड्याला थोडा जास्त वेळ द्या, दिवसभराचा राग तिथेच बसलेला असतो. पुढे पोट, मांड्या, आणि शेवटी पाय.

पायाला जपून. पावलं खाली ताणली की पोटरीत गोळा येतो. म्हणून बोटं गुडघ्यांकडे ओढा, तीही हलकेच, तीन-चार सेकंदच. सहा वर्षांच्या मधुमेहात तळव्यांना मुंग्या किंवा बधिरपणा असू शकतो. तिथलं काही जाणवत नसेल तर जाणवून घ्यायचा हट्ट न धरता पावलं सोडून द्या, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना पाय दाखवा. आवळताना श्वास रोखला जातो, तो चालू ठेवा, नाहीतर रक्तदाब चढतो. मधेच झोप लागली तर लागू द्या, रात्रीची वेळ त्याचसाठी निवडली आहे. दिवसा केलं तर मात्र ताडकन उठू नका. कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मग उभ्या राहा. मधुमेहात नसांना इजा झाली असेल तर एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते.

विचार येतील. बागेचे, कर्जाचे, मुलाच्या लग्नाचे. ते आले म्हणजे सराव वाया गेला असं नाही, लक्ष भरकटलं हे लक्षात येणं आणि परत मुठीवर किंवा श्वासावर येणं, एवढाच हा सराव आहे. आणि काही विचार रात्री येतात कारण दिवसा त्यांना कुणी जागाच देत नाही. संध्याकाळी वहीत दोन रकाने पाडा. एकात उद्या आपल्याला करता येईल असं: सोसायटीत हप्त्याची तारीख विचारणे, औषधवाल्याची उधारी बघणे. प्रत्येकापुढे कोण करणार ते नाव लिहा, आणि प्रत्येक ठिकाणी तुमचंच नाव येत असेल तर ती वही मालकांना आणि मुलाला दाखवा. दुसऱ्या रकान्यात आपल्या हातात नसलेलं: पाऊस, बेदाण्याचा दर, घडकूज. तुमचं मन अशांत आहे असं तुम्ही लिहिता. मला पत्र वाचून वाटलं की त्या घरात हात कमी आहेत, आणि त्याला प्राणायाम पुरा पडणार नाही.

कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडणं, सर्वांगासन, शीर्षासन हे सगळं सध्या थांबवा. जोराच्या उच्छ्वासानं आणि डोकं खाली करण्यानं डोळ्यांतल्या नाजूक रक्तवाहिन्यांवर दाब येतो. मधुमेहानं दृष्टिपटल बिघडलं असेल तर तिथे रक्तस्राव होऊ शकतो, आणि बिघाड बराच पुढे जाईपर्यंत नजर छान असते. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी व्हायला हवी. पत्रात तिचा उल्लेख नाही. मिरजेला किंवा सांगलीला जाणं होईल तेव्हा ती करून घ्या, रक्तदाबही बघा, आणि पुढे काय करायचं ते त्यानंतर.

उपयोग होतोय का हे कसं ओळखायचं? प्राणायामाआधी १५२ आणि नंतर १४०, असं मोजू नका. घरच्या मीटरला शंभराच्या वर १५ टक्के इकडेतिकडे जायची मुभा असते, म्हणजे खरी साखर १५० असेल तर तो १३० ही दाखवेल आणि १७० ही. एवढ्या-तेवढ्या फरकावर हसू नका, रडू नका. आठवड्यातून दोन दिवस उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासा, शेजारी आदल्या रात्रीचे झोपेचे तास लिहा. खरा निकाल तीन महिन्यांनी एचबीए१सी देईल. आणि बोट टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. बेदाणा निवडून उठलेल्या हाताला साखर चिकटलेली असते, तो थेंब दोनशेच्या वरही दाखवेल आणि तुम्ही उगाच घाबराल. सॅनिटायझरनं ती निघत नाही.

एकादशीचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण घरात वारकरी वळण दिसतं म्हणून सांगते. उपवासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारा. रिकाम्या पोटी गोळी आणि फराळाला साबुदाणा, म्हणजे आधी साखर खाली आणि मग एकदम वर.

आणखी एक, जरा हळू आवाजात. कशातच गोडी न वाटणं, सारखं रडू येणं, रात्री दोनला उठल्यावर पुन्हा डोळा न लागणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नुसतं टेन्शन नाही. मधुमेहात नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावरही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जगू नये असं मनात आलं तर त्याच दिवशी फोन करा आणि घरात कुणाला तरी जवळ बसवा.

सासूबाईंना "मी योगा करते" असं सांगण्यापेक्षा "डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे, गोळीसारखाच रोजचा" असं सांगा. ते खोटं पडू नये म्हणून फोन कराल तेव्हा डॉक्टरांनाही विचारून घ्या, बहुतेक डॉक्टर हो म्हणतील. जमलं तर सासूबाईंनाही बरोबर घ्या. मूठ आवळून सोडणं त्यांना खुर्चीत बसूनही येईल, त्यांना रक्तदाब असेल तर ताकद आणखी कमी. दोघी पडलेल्या असल्या की कुणी कुणाला "पसरलीय" म्हणणार नाही. आणि दुपारी अर्धा तास पाठ टेकणं हा गुन्हा नाही. चाळीस मिनिटांच्या आत उठा म्हणजे रात्रीची झोप बिघडणार नाही.

राहिला वर्ग. नणंदेनं मायेनं लावून दिला, तिला दुखवायचं नाही हे समजतं. गुरुजींना संध्याकाळची वेळ आहे का विचारा आणि कपालभाती आणि वर थांबवायला सांगितलेलं सगळं सोडून बाकीचं करेन असं सांगा. हो म्हणाले तर चालू ठेवा, चार जणींबरोबर बसल्यानं सराव टिकतो. पुन्हा गोळ्या सोडायला सांगितल्या, किंवा थरथरीला विषारी द्रव्यं म्हणाले, तर वर्ग सोडा आणि नणंदेला हे पत्र वाचायला द्या.